ऐन कूलरच्या सिझनमध्ये गूगल लिस्टिंग सस्पेंड झालं तर

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरला मानेवाडा भागात एसी-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. गूगलवरचं लिस्टिंग (सर्चमध्ये आणि मॅपवर दिसणारी दुकानाची नोंद, म्हणजेच बिझनेस प्रोफाइल) बरंच जुनं, रिव्ह्यू तीनशेच्या वर. मार्चअखेर सिझन तोंडावर आला म्हणून नावापुढे 'नागपूर बेस्ट एसी कूलर रिपेअर २४ तास' असं जोडलं. त्याच दिवशी मोबाइल नंबर बदलला आणि दुकान नव्या गाळ्यात हलवायचं आहे म्हणून तात्पुरता घरचा पत्ता टाकला. दुसऱ्या दिवशी लिस्टिंग सस्पेंड. आता नवं लिस्टिंग काढावं का, आणि 'आतून सोडवून देतो' म्हणणाऱ्याला आठ हजार द्यावेत का?

दोन्हींचं उत्तर नाही. नवं लिस्टिंग काढलं की एकाच धंद्याची दोन प्रोफाइल होतात. तोच नंबर आणि तोच पत्ता पाहून नवंही जातं, आणि जुन्याची बाजू आणखी कमकुवत होते. जुनं 'काढून टाका' असं बटण दिसेल, तेही दाबू नका. प्रोफाइलच गेलं तर अपील कशासाठी करणार? आणि आठ हजारवाल्याकडे 'आतला' कोणताही रस्ता नसतो. तोही तुम्हाला फुकट मिळणारा फॉर्मच भरतो, फक्त त्याआधी तुमच्याकडून ओटीपी किंवा मालकी मागून घेतो. गूगल लिस्टिंगचे पैसे घेत नाही.

तिसरी गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तीच महत्त्वाची: आज रात्रीच अपील करू नका. लिस्टिंग आहे तसं ठेवून अपील केलं तर नाकारलं जाणार. दोन दिवस कागद जमवण्यात गेले तरी चालतील.

आधी नेमकं काय झालं ते पाहा

कुठल्याही गूगल खात्यात लॉगिन नसलेल्या मोबाइलवरून दुकानाचं नाव शोधा. मॅपवर दुकान दिसतं, पण तुम्हाला त्यात बदल करता येत नाहीत, असं असेल तर फक्त तुमचा ताबा गेला आहे. गिऱ्हाइकांचे फोन येत राहतात आणि घाई थोडी कमी असते. मॅपवरून आणि सर्चमधून दुकान पूर्ण गायब असेल तर तो कडक प्रकार. तिसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही: लिस्टिंगवर नाही, तुमच्या गूगल खात्यावरच बंदी येते. त्या खात्यातली सगळी लिस्टिंग एकदम आडवी पडली असतील तर हेच झालं आहे, आणि मग अपील आधी खात्यासाठी करावं लागतं. लिस्टिंग बनवून देणाऱ्या एजन्सीच्या खात्यातून दुकान चालवलं जात असेल तर दुसऱ्याच कोणाच्या चुकीपायी तुमचं दुकान जाऊ शकतं.

कधी कधी सस्पेंशन नसतंच. एखाद्याने 'कायमचं बंद' असं सुचवलेलं असतं, किंवा पत्ता बदलल्यामुळे पुन्हा पडताळणी मागितलेली असते. या दोन्हींवर अपील लागत नाही. पहिल्यात 'दुकान चालू आहे' असं दुरुस्त करायचं, दुसऱ्यात पडताळणी पूर्ण करायची.

सस्पेंशनच्या ईमेलमध्ये बहुतेकदा फसव्या मजकुराबद्दलची एक मोघम ओळ असते. ती वाचून संतापू नका. तुम्ही लबाड आहात असा तो ठपका नसतो. लिस्टिंगवर लिहिलेलं आणि प्रत्यक्षातलं जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्या आणि काय जुळत नाही ते शोधा.

तुमच्या बाबतीत ते शोधायला लांब जायला नको. नाव, पत्ता आणि फोन ही धंद्याची ओळख, आणि तिन्ही एकाच दिवशी बदलली. यंत्राच्या नजरेत एखादं जुनं, भरपूर रिव्ह्यू असलेलं लिस्टिंग कोणीतरी बळकावलं किंवा विकत घेतलं की असंच दिसतं. त्यातून घरी जाऊन दुरुस्ती करणारे धंदे, म्हणजे एसी, कुलूप-किल्ली, प्लंबर, पेस्ट कंट्रोल, यांच्या नावाने खोटी लिस्टिंग इतकी निघतात की या वर्गावर नजर मुळातच करडी असते. साडीच्या दुकानाला जे खपून जातं ते तुम्हाला खपणार नाही.

पाटी, कागद आणि लिस्टिंग

सगळी लढाई इथे जिंकली किंवा हरली जाते. दुकानावरच्या पाटीवर जे नाव आहे तेच लिस्टिंगवर हवं आणि तेच कागदावर हवं. गुमास्त्यावर, म्हणजे दुकानाच्या नोंदणीच्या कागदावर, 'अमुक इलेक्ट्रिकल्स', पाटीवर 'अमुक कूलिंग सर्व्हिसेस' आणि गूगलवर तिसरंच काही, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती. तपासणाऱ्याला यातलं खरं कोणतं हे कळायला मार्ग नसतो, म्हणून तो नाकारतो.

नावात शहर, गल्ली, 'बेस्ट', '२४ तास', फोन नंबर, सेवांची यादी, यातलं काहीही चालत नाही. 'पण समोरच्या दुकानाच्या नावात आहे' हा युक्तिवाद अपिलात लिहू नका, त्याचा शून्य उपयोग होतो. नावात 'नागपूर' खरोखरच असेल, पाटीवर आणि नोंदणीत तसंच असेल, तर ते ठेवता येतं. एसी, कूलर, फ्रिज हे शब्द दाखवायचे असतील तर त्यासाठी कॅटेगरी आणि सेवांची यादी आहे. कॅटेगरी एक मुख्य आणि वर नऊपर्यंत जोडता येतात, पण दोन-तीन नेमक्या पुरतात.

'२४ तास उघडं' ही वेळसुद्धा काढा. रात्री दोन वाजता शटर उघडं नसेल तर ते खोटंच ठरतं. फोन उचलणं म्हणजे दुकान उघडं असणं नव्हे.

आता पत्ता. दुकान अजून हललेलं नाही, तर जुना पत्ताच परत टाका. घरचा पत्ता मधल्या काळापुरताही नको. नव्या गाळ्यात पाटी लागली, वीजबिल किंवा किरायानामा हातात आला, निदान एका सरकारी कागदावर नवा पत्ता चढला, की मगच लिस्टिंगवर बदला.

नागपूरच्या पत्त्यांची एक वेगळीच डोकेदुखी आहे. प्लॉट नंबर, सोसायटीचं किंवा सुधार प्रन्यासच्या लेआउटचं नाव, अमक्या चौकाजवळ, तमक्या मंगल कार्यालयासमोर. एकाच दुकानाचा पत्ता गुमास्त्यावर लेआउटच्या नावाने, वीजबिलावर वस्तीच्या नावाने आणि जीएसटीवर रिंग रोडच्या नावाने असतो. त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये मानेवाडा कुठे 'डा' तर कुठे 'रा'. प्लॉट नंबर, लेआउट आणि पिनकोड या तीन गोष्टी सगळीकडे सारख्या करा. 'समोर', 'जवळ', 'मागे' हे पत्त्याच्या ओळीतून काढा. गिऱ्हाइकाला खूण सांगायची असेल तर ती वर्णनात लिहा. मॅपवरची पिनही तपासा. ती लेआउटच्या मध्यावर कुठेतरी पडलेली असते, ती ओढून आपल्या शटरवर आणा.

ज्यांचं दुकानच नाही, घरून निघून काम करतात, त्यांनी पत्ता लपवायचा आणि सेवा देण्याचे भाग भरायचे. जास्तीत जास्त २० भाग भरता येतात, आणि आपल्या ठिकाणापासून साधारण दोन तासांच्या गाडीच्या अंतरापलीकडे जाऊ नये असा नियम आहे. कामठी, हिंगणा, बुटीबोरी, फार तर वर्धा. अमरावती आणि चंद्रपूर लिहिलं की विनाकारण शंका ओढवून घ्याल. को-वर्किंगमधलं, म्हणजे अनेकांच्या सामाईक ऑफिसातलं, टेबल किंवा नुसता टपालाचा पत्ता घेऊन धरमपेठेतलं ऑफिस दाखवणारे पुष्कळ आहेत. तिथे स्वतःची पाटी आणि कामाच्या वेळात स्वतःचा माणूस नसेल तर ते बसत नाही.

कोणते कागद? दुरुस्तीच्या छोट्या दुकानाला जीएसटी असेलच असं नाही. नुसत्या सेवेसाठी मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. असेल तर ते प्रमाणपत्र सगळ्यात वजनदार. त्यातलं व्यापारी नाव पाहा. तिथे फक्त मालकाचं नाव असेल तर दुकान सिद्ध होत नाही. दुकानाचा पत्ता मुख्य किंवा जादा जागा म्हणून त्यात हवा. नसेल तर पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो आणि अधिकाऱ्याच्या मंजुरीला १५ कामाच्या दिवसांपर्यंत लागू शकतात. सिझनमध्ये तेवढा वेळ नसेल तर उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, कामाला येते. ती आधार आणि पॅनवर फुकट होते, पोर्टलवरच दुरुस्त करता येते, आणि प्रमाणपत्रावर उद्योगाचं नाव आणि पत्ता दोन्ही छापून येतात. उद्यमसाठी पैसे मागणाऱ्या खासगी साइट पुष्कळ आहेत, सरकारी पोर्टलवरच जा.

त्याखालोखाल गुमास्ता, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी किंवा सूचनेची पावती. खाण्याच्या धंद्यात असाल तर अन्न परवाना. आणि यातलं काहीही दिलं तरी सोबत महावितरणचं अलीकडचं वीजबिल किंवा दुकानाच्या ब्रॉडबँडचं बिल जोडाच. गाळा किरायाचा असला की वीजबिल घरमालकाच्या नावावर असतं. नुसतं ते पाठवून उपयोग नाही. बिल आणि किरायानामा एकत्र द्या, म्हणजे बिलावरचं नाव, किरायानाम्यातला मालक आणि तुमचं दुकान अशी साखळी जुळते. महापालिकेची टॅक्स पावतीही याच जोडीत चालते. आधार कार्ड आणि व्हिजिटिंग कार्ड यांनी धंदा सिद्ध होत नाही. स्वतःच छापलेल्या लेटरहेडवरचं पत्र तर नकोच.

कागद मराठीत असतील तर त्यांच्या जोडीला नाव-पत्ता इंग्रजीत असलेला एक तरी कागद ठेवा.

दोन फोटोही काढून ठेवा: रस्त्यापलीकडून शेजारच्या दुकानांसकट पाटी दिसेल असा एक, आणि आतला एक. फ्लेक्स कालच लावलेला असला तर चालेल, पण फोटोवर नाव एडिट करून चिकटवलेलं असेल तर ते लगेच ओळखू येतं आणि मग पुढचे खरे कागदही संशयाने पाहिले जातात.

अपील

सस्पेंड असलेल्या प्रोफाइलमध्येही मालकाच्या खात्यातून माहिती दुरुस्त करता येते. नाव, पत्ता, वेळ आधी ठीक करा. वेबसाइटच्या जागी फेसबुक किंवा इन्स्टाग्रामचं पान टाकलं असेल तर तेही काढा. नवा मोबाइल नंबर तुमचाच आणि कायमचा असेल तर राहू द्या, फक्त पाटीवर आणि बिलबुकावर तोच लिहा.

मग कॉम्प्युटरवर बसा, मोबाइलवर नको. ब्राउझरमध्ये एकापेक्षा जास्त जीमेल खाती उघडी असतील तर बाकीच्यांतून बाहेर पडा. लिस्टिंग दुसऱ्याच खात्यावर असल्यामुळे 'अपील करता येत नाही' असं दिसणं ही फार साधी आणि फार नेहमीची चूक आहे. गूगल बिझनेस प्रोफाइलच्या मदत पानावरून अपिलाचं साधन उघडा, खातं बरोबर आहे याची खात्री करा, प्रोफाइल निवडा. तिथे कोणत्या धोरणाखाली कारवाई झाली ते लिहिलेलं असतं, त्याचा स्क्रीनशॉट घ्या.

आता सगळ्यात जास्त माणसं इथे घसरतात. अपील सादर केलं की पुरावे जोडण्याचा वेगळा फॉर्म उघडतो आणि तो ६० मिनिटांतच भरावा लागतो. एक तास गेला की अपील पुराव्याशिवायच पुढे जातं. म्हणून सादर करण्याआधी सगळे कागद स्कॅन होऊन एकाच फोल्डरमध्ये हवेत. कागदाचे चारही कोपरे दिसावेत, सावली नको, पीडीएफ किंवा जेपीजी. फाइलचं नाव 'उद्यम', 'वीजबिल', 'किरायानामा' असं इंग्रजी अक्षरांत द्या. आयएमजी आणि पुढे चौदा आकडे असलेल्या फाइलीत काय आहे हे उघडल्याशिवाय कोणालाच कळत नाही. बँक खात्याचा नंबर आणि आधारचे आकडे झाकून टाका. वीज जायची वेळ असेल, इंटरनेट अधूनमधून सुटत असेल, तर त्या दिवशी बसूच नका.

स्पष्टीकरणाची जागा असते तिथे सहा-सात ओळी साध्या इंग्रजीत लिहा. कोण आहात, काय काम करता, दुकान कुठे आहे आणि कधीपासून. मग चूक काय झाली: नावात जादा शब्द टाकले होते, ते काढले, पत्ता तात्पुरता बदलला होता, तो परत दुकानाचा केला. शेवटी कोणत्या कागदावर काय दिसतं. 'आमचं पोट यावर आहे' हे शंभर टक्के खरं असलं तरी तपासणाऱ्याला त्यावरून काहीच ठरवता येत नाही. चूक कबूल केल्याने नुकसान होत नाही. उलट 'मी काहीच बदललं नव्हतं' असं लिहिलं आणि बदलांची नोंद त्यांच्यासमोर असली, तर अपील तिथेच संपतं.

एकदा पाठवलं की थांबा. निर्णय काही दिवसांत येतो, कधी काही आठवडेही लागतात. मधल्या काळात माहिती पुन्हा बदलायची नाही. वेगवेगळ्या खात्यांतून तीन-तीन अर्ज टाकायचे नाहीत.

नाकारलं गेलं तर फेरतपासणी मागता येते. पण तेच कागद तसेच पुन्हा पाठवले तर उत्तरही तेच येणार. कोणत्या दोन कागदांत फरक राहिला ते शोधा. बहुधा तो गाळा नंबर किंवा व्यापारी नाव यातच सापडतो. त्याही पुढचा एक रस्ता आहे. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ प्रमाणे मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना भारतात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने २४ तासांत पोच आणि ७ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. त्याच्या निर्णयावर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. कागद पक्के आहेत आणि तरीही दोनदा नकार आला, अशा वेळीच या वाटेला जावं. कच्च्या कागदांवर ती समितीही काही करू शकणार नाही.

मंजूर झालं की लिस्टिंग परत दिसतं, पण रिव्ह्यू लगेच दिसले नाहीत तर घाबरू नका, ते यायला काही दिवस लागतात. आठवड्यानंतरही आले नाहीत तर सपोर्टला लिहा.

पडताळणी मागितली तर

हल्ली बहुतेकदा व्हिडिओ मागतात. मोबाइलवर, सलग, न कापता, किमान ३० सेकंदांचा. दीड-दोन मिनिटांचा केला तर घाई होत नाही. तीन गोष्टी त्यात दिसायला हव्यात: जागा तीच आहे, धंदा तोच आहे, आणि तो तुमच्या ताब्यात आहे. चौकाच्या किंवा रस्त्याच्या पाटीपासून सुरू करा, शेजारची दोन दुकानं दिसू द्या, मग आपली पाटी वाचता येईल इतकी जवळ. त्यानंतर कुलपाला किल्ली लावून शटर स्वतः उघडा. हा एक क्षण बाकी सगळ्यापेक्षा मोलाचा, कारण परका माणूस तो दाखवू शकत नाही. आत व्हॅक्यूम पंप, गेज, गॅसचे सिलिंडर, कूलरच्या मोटरी आणि ताट्या, दुकानाच्या नावाचं बिलबुक, भिंतीवरचा गुमास्ता. गिऱ्हाइकांचे आणि कारागिरांचे चेहरे टाळा. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हात पाटी चमकून अक्षरं पांढरी पडतात, म्हणून सकाळी शटर उघडतानाच शूट करा.

घरून काम करणाऱ्यांनी गल्लीची पाटी, मग नाव लिहिलेली गाडी किंवा तिच्यातली हत्यारं, आणि धंद्याच्या नावाचा एखादा कागद असा क्रम ठेवावा.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

मुख्य मालक तुम्हीच राहा, आणि घरातल्या एका भरवशाच्या माणसाला दुसरा मालक करा, म्हणजे एका खात्याचा पासवर्ड गेला तरी दार उघडं राहतं. एजन्सीला फक्त मॅनेजरचा हक्क द्या. काम संपलं की काढून टाका.

नाव, पत्ता, फोन, मुख्य कॅटेगरी यांपैकी एका वेळी एकच बदला आणि दोन बदलांत दोन-तीन आठवडे जाऊ द्या. हे आठवडे कुठल्या नियमात लिहिलेले नाहीत, पण एकदम केलेल्या बदलांचा त्रास टाळायला ही सवय चांगली. नव्या गाळ्यात गेल्यावर पत्ता बदलाल तेव्हा पुन्हा पडताळणी येईल हे धरूनच चाला, आणि ते काम पाऊस पडल्यावर करा, मे महिन्यात नाही.

महिन्यातून एकदा आपलं लिस्टिंग गिऱ्हाइकासारखं उघडून पाहा. लोक सुचवतात ते बदल कधी कधी आपोआप लागतात; कोणीतरी वेळ बदललेली असते, नावात एखादा शब्द घुसलेला असतो. तो शब्द तुम्ही टाकला नाही तरी नाव तुमचंच.

रिव्ह्यूच्या बाबतीत एकच सांगतो. 'पाच स्टार द्या, सर्व्हिसिंगमध्ये पन्नास रुपये कमी' हेही नियमाबाहेरच आहे, मग विकत घेतलेले तर सोडाच. पकडलं गेलं तर काही काळ नवे रिव्ह्यू बंद होतात, जुने लपवले जातात आणि प्रोफाइलवर सगळ्यांना दिसेल अशी सूचनाही लागू शकते. काम झाल्यावर लिंक पाठवून सरळ विचारायला काहीच हरकत नाही, पण खूश गिऱ्हाइकालाच लिंक आणि नाराज असेल त्याला नाही, अशी चाळणी लावू नका.

राहिली हिवाळ्याची गोष्ट. कूलरचं काम थांबलं की बरेच जण गीझर दुरुस्तीकडे वळतात आणि दिवाळीनंतर लिस्टिंगचं नाव आणि मुख्य कॅटेगरीच पालटतात, मार्चमध्ये परत. वर्षातून दोनदा ओळख बदलणारा धंदा तपासणीत अडकणारच. नाव आणि मुख्य कॅटेगरी बारा महिने एकच ठेवा, गीझर सेवांच्या यादीत जोडा आणि त्याचे फोटो टाका. दुकान खरोखरच दोन महिने बंद राहणार असेल तर 'तात्पुरतं बंद' अशी खूण करा आणि शटर उघडाल त्या सकाळी ती काढा.